अर्धं बापूरावले

फॅक्टरी कॉलनी, भद्रावती
५ ऑक्टोबर १९९७

बापूकाका, सलाम.

अब्बांना जाऊन दोन महिने झाले. तुम्ही येऊ शकला नाहीत याचं मनात ठेवू नका. त्या आठवड्यात वैनगंगेनं सगळे रस्ते बंद केले होते, आमचा निरोप तरी तुमच्यापर्यंत कधी पोचला कोण जाणे. अम्मी आता माझ्याकडेच राहते. चंद्रपूरच्या घराला कुलूप लावलं आहे.

पत्रासोबत एक पुडी आहे, तिचं सांगते. तुम्ही कृषी सहायक आणि अब्बा ड्रायव्हर, अशी अकरा वर्षं तुम्ही दोघांनी खात्याच्या जीपमधून गडचिरोली पालथी घातलीत. तेव्हापासून रस्त्याकडेचं पीक ओळखायचं वेड अब्बांना लागलं ते गेलंच नाही. पुढे स्वतःची जीप घेऊन ते पर्यटकांना मोहर्लीच्या जंगलात न्यायला लागले, तरी वाघाच्या आधी शेतं दाखवायचे. दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या परदेशी बाईंनी फुललेलं जवस पाहून जीप थांबवायला लावली. म्हणाल्या, माझ्या अंगणात असंच निळं जवस आहे, पण ते दरसाल पेरावं लागत नाही, एकदा लागलं की तीन-चार वर्षं त्याच मुळावर फुलत राहतं. अब्बांना ते खरं वाटलं नाही. बाई मात्र विसरल्या नव्हत्या. या जूनमध्ये त्यांच्या मुलाकडून पाकीट आलं. आई वारली, बागेची जागा विकली, तिनं ड्रायव्हरसाठी म्हणून बाजूला काढलेलं बी पाठवतो आहे, असं त्यानं लिहिलं होतं.

चाळीस दाणे होते. अब्बांनी पेपरवर पसरून मोजले, पेरायचे मात्र राहिले. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मला म्हणाले, "अर्धं बापूरावले दे. जवसातलं त्याच्याएवढं कोणाले समजत नाई."

म्हणून हे वीस दाणे तुमचे. पाकिटातली बाईंची चिठ्ठी इंग्रजीत होती, तिचं मी मराठी केलं आहे: हलकी, पाणी न थांबणारी जागा द्या, आणि धीर धरा. एवढंच लिहिलं आहे. आमचे वीस मी क्वार्टरच्या समोर लावते आहे. आता यापुढे हे बी कुठून मिळणार नाही, तेव्हा जपून.

तुमची,
नाहीद

---

मु. कोसमटोला, ता. कुरखेडा
१९ ऑक्टोबर १९९७

बेटा नाहीद, जय भीम.

पुडी मिळाली. बाबूभाईनं जाताजाता माझी आठवण काढली हे वाचून मी पत्र गिरजाबाईकडे दिलं आणि विहिरीवर जाऊन बसलो. त्यावर अधिक लिहीत नाही.

आता कामाचं. तू चिठ्ठीचं मराठी केलंस ते उत्तम, तुझ्या शाळेतली पोरं नशीबवान आहेत. पण ती चिठ्ठी बर्फाच्या मुलखात बसून लिहिलेली आहे. आमच्याकडे जवसाचे असले लाड कोणी करत नाही. धान उभं असतानाच बांधीतल्या ओल्या चिखलात बी फेकून द्यायचं. धान कापून नेलं की खाली जवस उभंच असतं. याला आम्ही उतेरा म्हणतो. नांगर नाही, पाणी नाही, खत नाही. चाळीस वर्षं मी हेच पाहिलं आणि नोकरीत हेच लोकांना सांगितलं. घरामागच्या बांधीच्या कोपऱ्यात चार काड्या रोवून परवाच वीसच्या वीस दाणे टाकले.

तू वाळूत लाव, कुंडीत लाव, उशाशी घेऊन झोप. निळं आधी माझ्याकडे होणार. पैज लावायची असेल तर एक किलो हातसडीचे तांदूळ लावतो.

खैरुनवहिनींना माझा आणि गिरजाबाईचा नमस्कार सांग.

बापूराव

---

भद्रावती
२८ डिसेंबर १९९७

काका, सलाम.

पैज मान्य. क्वार्टरच्या दारासमोर विटांचे तुकडे आणि वाळू घालून उंचवटा केला, त्यावर बी लावलं. विसांतले अकरा उगवले. दिसायला गवतासारखेच आहेत. शेजारच्या बाई रोज विचारतात, "मॅडम, गवताले पाणी काऊन घालता?" अकरमलाही तेच वाटतं, पण तो तोंडावर बोलत नाही, कारण नवऱ्याला रात्रीचं जेवण इथंच करायचं असतं.

काका, एक गोष्ट सांगते, ती गिरजाकाकूंखेरीज कोणाला सांगू नका. अब्बा गेल्यापासून अम्मी उंबऱ्याबाहेर जात नाही. कोणाच्या घरी नाही, बाजारात नाही, चंद्रपूरला तर नाहीच. जेवायला वाढलं तर जेवते, नाहीतर विचारतही नाही. पण ही रोपं उगवल्यापासून पहाटेची नमाज झाली की बसायचा वेताचा मोडा घेऊन त्यांच्यापाशी बसते. परवा मला म्हणाली, "इसका फूल मैं देखूंगी." पाच महिन्यांत तिनं काही मागितलं ते हे पहिलंच. मला ही फुलं बागेच्या शोभेसाठी नको आहेत. तुमच्याकडे काय चाललं आहे ते कळवा.

नाहीद

---

कोसमटोला
९ जानेवारी १९९८

बेटा नाहीद, जय भीम.

तांदूळ जिंकले. चार काड्यांच्या आतलं सगळं निळं झालं आहे. परवा सकाळी गिरजाबाईला हात धरून बांधीवर नेलं आणि दाखवलं. ती म्हणाली, "दरसालासारखंच तं दिसते." तिला काय कळतं. मी दोन तास तिथं उभा राहिलो आणि बाबूभाईशी मनातल्या मनात बोललो. पाहा, म्हटलं, तू माणूस ओळखून बी दिलंस.

तुला माहीत नसेल म्हणून सांगतो, हे फूल सकाळी उघडतं आणि ऊन चढलं की पाकळ्या गाळून मोकळं होतं. तेव्हा वहिनींना सकाळीच पाहायला सांग. तुझ्याकडे उशीर होतो आहे तो विटांच्या तुकड्यांमुळे. जवसाला माती हवी, इमारत नको. तरी घाबरू नकोस, फुलतील. पाकिटात चार पाकळ्या ठेवल्या आहेत, त्या वहिनींना दे.

बापूराव

---

भद्रावती
२२ मार्च १९९८

काका, सलाम.

तांदूळ तुमचे. घ्यायला मात्र इकडे यावं लागेल.

आमच्याकडे एकही फूल आलं नाही. रोपं हिरवी आहेत, वीतभर वाढली आणि तिथंच थांबली. एक मेलं, दहा आहेत. तुमच्या पाकळ्या अम्मीनं अब्बांच्या घड्याळाच्या डबीत ठेवल्या आहेत. आता ती रोपांपाशी बसते पण काही बोलत नाही. काल म्हणाली की बापूरावच्या हातात गुण आहे, आपल्या हातात नाही. मला ते फार लागलं. माझ्याकडून काय चुकलं ते स्पष्ट सांगा, मी तुमचं ऐकेन. ऊन आत्ताच चाळिशीला टेकलं आहे, पुढे काय करू तेही सांगा. आणि तुमच्या रोपांचं आता काय? बाई म्हणाल्या होत्या तशी ती उन्हाळा काढतील का?

नाहीद

---

कोसमटोला
१७ एप्रिल १९९८

बेटा नाहीद, जय भीम.

जयंतीच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला. यंदा मिरवणुकीचं सगळं माझ्याकडेच होतं.

माझी रोपं ठीक आहेत. खालून फुटवे धरत आहेत. काळजी नाही.

तुझ्या रोपांना सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी दे. उन्हाळा आहे. मुळं ओली राहिली पाहिजेत.

बाकी ठीक.

बापूराव

---

भद्रावती
१२ जुलै १९९८

काका, सलाम.

मागचं पत्र इतकं आखूड होतं की मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. तब्येत बरी आहे ना?

तुम्ही सांगितलंत तसं रोज दोन वेळा पाणी घातलं. मे महिन्यात आमच्याकडे सत्तेचाळीसला पारा गेला, तरी बुरडाकडून तट्टा आणून सावली केली आणि पाणी चुकवलं नाही. रोपं बुडाशी काळी पडत गेली. सात मेली. तीन उरली आहेत, त्यांच्याही नुसत्या काड्या आहेत, पान एक नाही.

अम्मीनं मोडा आत आणून ठेवला आहे. परत तेच सुरू झालं आहे, भिंतीकडे तोंड करून पडून राहणं. त्या काड्या दारासमोर राहू देणं मला आता सहन होत नाही. येत्या २६ तारखेला, रविवारी, त्या उपटून तिथं झेंडू लावते. कॉलनीत सगळे तेच लावतात. क्वार्टर आपलं नसतं, म्हणून कोणी एका हंगामापलीकडचं काही लावत नाही. मीच वेडी.

पण तुमच्याकडे तरी अब्बांचं बी जगलं, हा मोठा आधार आहे. अम्मीला मी तेच सांगितलं आणि एक युक्ती केली. म्हटलं, ऑगस्टमध्ये आपण दोघी कोसमटोल्याला जाऊ, बापूकाकांची दोन रोपं मुळासकट घेऊन येऊ. काका, ती हो म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा घराबाहेर पडायला ती तयार झाली आहे. आम्ही येतो.

नाहीद

---

तार
कुरखेडा, २३ जुलै १९९८

रोपे उपटू नका. माझे सगळे खोटे. पत्र येते. बापूराव

---

कोसमटोला
२३ जुलै १९९८

बेटा नाहीद,

नदीला पूर होता. तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं, आज सकाळी कुरखेड्याला जाऊन तार केली. रविवारच्या आत पोचली असेल अशी आशा करतो. पोचली नसेल तर हे पत्र वाचून काही उपयोग नाही, तरी वाच.

माझ्याकडे एकही रोप नाही. कधीच नव्हतं.

जानेवारीत लिहिलं तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो, एवढं मान. चार काड्यांच्या आत निळं झालं होतं आणि मला ते बाबूभाईचंच वाटलं. फेब्रुवारीच्या अखेरीस ते पिवळं पडलं, बोंडं धरली, वाळलं. एक झाड उपटून पाहिलं तर मूळ दोऱ्यासारखं निघून आलं. मग सगळी उपटली. ते आमचंच जवस होतं, आधीच्या साली त्या कोपऱ्यात सांडलेलं. बाबूभाईचे वीस दाणे चिखलात पहिल्या आठवड्यातच सडले असणार. बाईंनी चिठ्ठीत दोनच गोष्टी लिहिल्या होत्या आणि मी दोन्ही हसण्यावारी नेल्या. गिरजाबाईनं पाहताक्षणी ओळखलं होतं. तिला काय कळतं, असं मी तुला लिहिलं.

तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा खरं लिहायला बसलो होतो. लिहिता आलं नाही. त्यानं मरताना ज्या गोष्टीसाठी माझं नाव घेतलं तीच मी घालवली, हे वहिनींना कसं सांगायचं? म्हणून फुटवे आहेत असं लिहिलं. आणि न पाहिलेल्या झाडाला भरपूर पाणी घालायला सांगितलं, कारण काहीतरी ठामपणे सांगितल्याशिवाय माझं पत्र पुरं होत नाही. तुझी सात रोपं मी मारली.

आणखी एक. निरोप मला सहाव्या दिवशी मिळाला आणि सातव्या दिवशी रस्ता मोकळा झाला होता. मी आलो नाही. बाबूभाईची जीप दारात नुसती उभी असलेली मला पाहायची नव्हती. तू पुराचं निमित्त आपणहून दिलंस, मी ते घेऊन ठेवलं.

गिरजाबाई चार महिने सांगत होती, "त्या पोरीले खरं सांगा, नाईतर मी पिंकीच्या हातून लिहून घेतो." पिंकी म्हणजे आमची नात. काल तुझं पत्र वाचून दाखवल्यावर गिरजाबाईनं मला जेवायला वाढलं नाही.

आता ऐक, हे मात्र मी विचार करून सांगतो आहे. चार वर्षं जगणारं झाड पहिल्या वर्षी फुलायची घाई करत नसणार. ते आधी मूळ करत असणार. तुझी तीन रोपं उपटू नकोस. त्यांच्या बुडाशी बोटभर माती उकर. मूळ पेन्सिलीएवढं जाड असेल आणि नखानं खरवडल्यावर आत पांढरं निघालं तर ते जिवंत आहे. पाणी पूर्ण बंद कर. वर पावसाचं पडतं तेही थांबू देऊ नकोस. तू केलेला विटांचा उंचवटाच बरोबर होता.

तुम्ही ऑगस्टमध्ये येऊ नका असं म्हणायला मला तोंड नाही, आणि या असं म्हणायलाही नाही.

बापूराव

---

भद्रावती
२ ऑगस्ट १९९८

काका,

तार शनिवारी दुपारी आली. तारवाल्याला पाहून अम्मी जी ओरडली ती गल्लीभर ऐकू गेली. बायका धावत आल्या, एकीनं तर रडायला सुरुवातही केली. अकरमनं तार फोडली आणि मोठ्यानं वाचली, "रोपे उपटू नका." शेजारच्या बाई म्हणाल्या, "म्हंजे मेलं कोण?" तेव्हा अम्मी हसली. पदर तोंडाला लावून हसली आणि मग बराच वेळ रडली. त्या दिवसापुरतं मी तुम्हाला माफ केलं होतं.

पत्र आल्यावर मात्र राग आला आणि तो गेलेला नाही. बी सडलं याचा राग नाही. चार महिने अम्मी स्वतःच्या हाताला दोष देत होती आणि तुम्ही ते वाचत होतात, त्याचा आहे. अब्बा तुम्हाला भाऊ मानायचे म्हणून मी हे सरळ लिहिते आहे.

बोटभर माती उकरली. दोन मुळं पेन्सिलीएवढी आहेत, एक जरा बारीक. तिन्ही आतून पांढरी. पाणी बंद केलं आहे.

अम्मीला तुमचं पत्र अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण तुमच्याबद्दल बोलायचं झालं की ती मराठीत बोलते, अब्बा बोलायचे म्हणून. ती म्हणाली, "तुझे अब्बा असते तं हसले असते. मी हसणार नाई. फूल येऊ दे, मंग पाहू." एवढं बोलून मोडा उचलून बाहेर घेऊन गेली.

नाहीद

---

भद्रावती
१७ जानेवारी १९९९

काका, सलाम.

साडेपाच महिने तुम्ही एक ओळ पाठवली नाहीत. ठामपणे सांगण्यासारखं काही सापडलं नाही वाटतं.

आज सकाळी दोन रोपांवर मिळून सात फुलं उघडली. तुमच्या पाकळ्यांपेक्षा मोठी आहेत. अम्मी मला उठवायला आली आणि मला कळेना की ही कोण इतक्या मोठ्यानं हाका मारते आहे. तिनं शेजारच्या बाईंना बोलावलं, त्यांच्या सुनेला बोलावलं, दूधवाल्याला थांबवलं. अकरमला सांगितलं की ड्युटीवर दहा मिनिटं उशिरा गेलास तर फॅक्टरी बंद पडणार नाही. दुपारी सगळ्या पाकळ्या विटांवर पडल्या होत्या, तर त्या वेचायला मला हात लावू दिला नाही.

कळ्या पुष्कळ आहेत, महिनाभर चालतील. तुम्हाला बोलवायला अम्मीनं सांगितलं आहे. कुरखेड्याहून सकाळी निघून तुम्ही इथं पोचाल तेव्हा पाकळ्या पडलेल्या असतील, म्हणून आदल्या दिवशी या, मुक्काम करा, आणि गिरजाकाकूंना आणा. मी विचारलं, राग गेला का? ती म्हणाली, "नाई गेला. पण त्याले दाखवल्याशिवाय माझ्या मनाचं होत नाई."

तांदूळ राहिलेत, ते तुम्ही हरलात की मी, हे इथं आल्यावर ठरवू.

नाहीद

---

भद्रावती
११ एप्रिल १९९९

काका, सलाम.

तुम्ही दोघं येऊन गेल्याला दोन महिने झाले. गिरजाकाकूंनी शिकवलेली जवसाची चटणी अम्मी आठवड्यातून दोनदा करते. तुम्ही त्या सकाळी रोपांपुढे उकिडवे बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत, ते शेजारच्या बाई अजून सांगतात. त्यांना वाटलं तुम्ही मुके आहात. अम्मी तुमच्याशेजारी मोड्यावर बसली होती आणि पाकळ्या पडेपर्यंत तुम्ही दोघंही हलला नाहीत. मी चहा घेऊन आले होते, तशीच परत गेले. मागच्या आठवड्यात ती एकटी बसनं चंद्रपूरला जाऊन घराचं कुलूप उघडून, झाडून आली.

बोंडं वाळली. अम्मीनं पेपरवर पसरून दाणे मोजले, अब्बांसारखेच. छत्तीस भरले. मी म्हटलं, सगळे इथंच लावू, आपली जागा आता तयार आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी चोरायला निघाले आहे. म्हणाली, "अर्धं बापूरावले दे. त्याहींनी सांगतलं होतं."

मी म्हटलं, ते एकदा दिलं होतं, त्यांनी घालवलं.

ती म्हणाली, "मंग काय झालं? सांगणं तं सांगणंच आहे."

सोबत अठरा दाणे आहेत.

नाहीद

---

कोसमटोला
४ फेब्रुवारी २००१

बेटा नाहीद, जय भीम.

पुडी मिळाल्याचं तेवढं कळवलं होतं, त्यानंतर जवसाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. फूल येईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. बांधीत नाही लावलं. दाराशी वाळू आणि विटांचे तुकडे घालून लावलं. पाच जगली. आज सकाळी त्यातल्या एकावर फूल आलं. एकच आहे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. म्हणून कार्डाची उरलेली जागा गिरजाबाईला देतो. ती सांगते आहे, पिंकी लिहिते आहे.

फूल खरं आहे. मी पाह्यलं. दरसालासारखं नाई. दुपारी पाकळ्या पडल्या तं याहींनी टोपीत वेचल्या न् मले म्हणते, बाबूभाईले दाखवू काय. मी म्हटलं, त्यानं पाह्यलं. खैरुनबाईले सांगजो.
— गिरजाबाई